वयस्क कुत्र्याच्या घरात नवे पिल्लू आणताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील तुमच्या जुन्या घरात राजा नावाचा १० वर्षांचा लॅब्राडोर आहे. कागलकडच्या नातेवाइकांनी दिलेले, साधारण २ महिन्यांचे कारवान जातीचे मादी पिल्लू आठवड्यापूर्वी घरी आले. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही पिल्लाला हातात उचलून सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) झोपलेल्या राजाच्या तोंडासमोर नेले, तेव्हा तो गुरगुरला आणि त्याने हवेतल्या हवेत तोंड मारले. सासूबाई घाबरल्या. तेव्हापासून राजा परड्यात साखळीला आहे, पिल्लू घरभर मोकळे आहे आणि राजाचे जेवण निम्म्यावर आले आहे. राजाला पिल्लाची सवय कशी लावावी, की पिल्लू परतच द्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

पिल्लू परत देण्याचा निर्णय आज घेऊ नका, पण राजाची साखळी आजच सोडा. गेली अनेक वर्षे मी कोल्हापुरात पशुवैद्य म्हणून कुत्री तपासते, आणि तुमच्या वर्णनात मला राजाच्या स्वभावाचा दोष कुठेही दिसत नाही. हा आठवडा त्याच्या बाजूने पाहा. जन्मभर सोप्यातील जी जागा त्याची होती ती एका संध्याकाळी गेली, ज्यांच्या पायाशी तो दिवसभर बसून असे ती माणसे भिंतीपलीकडे गेली, आणि हे सगळे नेमके त्या पिल्लाचा वास घरात शिरल्यावर घडले. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की कुत्रा त्यांची गाठ मारून ठेवतो. पिल्लू आले की आपले सगळे जाते, एवढेच तो या दिवसांत शिकला आहे. त्यामुळे खरा प्रश्न घराच्या मांडणीचा आहे: राजाला हवे तेव्हा पिल्लापासून दूर जाता आले पाहिजे, निवांत झोपता आले पाहिजे, आणि पिल्लू आल्यामुळे त्याच्या वाट्याचे काही कमी होता कामा नये. एवढे जमले की ओळख बहुतेक घरांत फारसा आटापिटा न करता होते.

त्या पहिल्या संध्याकाळबद्दल आधी लिहिते, कारण सासूबाईंची भीती तिथून सुरू झाली. ३० किलोच्या आसपासचा कुत्रा वीतभर अंतरावरच्या पिल्लाला चावायचे ठरवतो तेव्हा त्याचा नेम सहसा चुकत नाही. राजाने हवेत तोंड मारले, म्हणजे त्याने स्वतःला आवरले. कुत्र्याच्या नाराजीला पायऱ्या असतात. आधी तो तोंड फिरवतो, नाक आणि ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो; मग अंग ताठ होते, मान न हलवता तो डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो; त्यानंतर गुरगुरणे, ओठ वर करून दात दाखवणे आणि शेवटी हवेत तोंड मारणे येते. राजाने खालच्या पायऱ्या वापरल्याही असतील, पण घरातील सगळ्यांचे डोळे पिल्लावर खिळलेले असताना त्या कोणाच्या लक्षात येणार? शिवाय हातात धरलेल्या पिल्लाला मागे सरता येत नाही, जमिनीला पोट लावून किंवा उताणे होऊन नमते घेता येत नाही, आणि राजालाही कुत्र्यांच्या रीतीप्रमाणे त्याच्या मागच्या बाजूने वास घेता येत नाही. दोघांच्याही तोंडचे शब्द आपण काढून घेतले होते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, गुरगुरल्याबद्दल राजाला कोणीही रागावू नये, चापट तर मुळीच मारू नये. "आमचा कुत्रा काही न सांगता एकदम चावला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी मागचे काही महिने खोदून विचारते, तेव्हा बरेचदा असे निघते की तो पूर्वी गुरगुरत असे आणि प्रत्येक वेळी त्याला दटावले गेले होते. दटावल्याने त्याची अस्वस्थता तशीच राहिली, फक्त आपल्याला मिळणारी सूचना बंद झाली. राजा गुरगुरला की तुम्ही शांतपणे पिल्लाला हाक मारून किंवा उचलून बाजूला घ्या. आपले म्हणणे ऐकले जाते हे त्याला कळले की त्याला वरच्या पायरीवर जाण्याची गरज उरत नाही.

आता, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि मी राजाला पाहिलेले नाही. तो लहानपणी इतर कुत्र्यांत वावरला आहे का, रस्त्यावरच्या कुत्र्यांशी त्याचे कसे जमते, पूर्वी त्याने दुसऱ्या कुत्र्याला जखम केली आहे का, दुपारी घरात कोण असते, या उत्तरांवर वेग ठरेल. नर आणि मादी ही जोडी सर्वसाधारणपणे दोन नर किंवा दोन मादींपेक्षा सोपी जाते, ती बाजू तुमच्याकडे आहे. पिल्लू कारवान असणे ही दुसरी बाजू. ही शिकारी परंपरेतली, नजरेने पाठलाग करणारी जात. आज ती पायात घुटमळते आहे, पण चार-पाच महिन्यांत ती राजाच्या अंगावरून उडी मारून परड्याच्या टोकाला पोहोचलेली असेल आणि राजाला तिच्यापासून पळून सुटता येणार नाही. दूर जाण्याची मोकळी वाट तिला उड्या मारता येण्याआधीच ठरवून ठेवा, असे मी म्हणते ते यासाठी.

कोणतीही पद्धत सुरू करण्यापूर्वी राजाची तपासणी करून घ्या. दहाव्या वर्षी लॅब्राडोरचे खुबे, कोपरे किंवा पाठीचे मणके दुखत असणे अगदी नित्याचे आहे, आणि कुत्रा दुखण्याने विव्हळतोच असे नाही. सकाळी उठताना तो आधी पुढचे पाय ताणून मग मागचा भाग ओढून घेतो का, उंबरठ्यापाशी क्षणभर थांबतो का, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय पसरतात का, एकाच सांध्यावर सारखा चाटतो का, हे घरच्यांनाच आधी दिसते. ज्याचा खुबा दुखतो त्याच्या पाठीवर पिल्लू उडी मारणार म्हटल्यावर तो ते जवळ येण्याआधीच गुरगुरणार. कान कमी ऐकू लागले असतील किंवा मोतीबिंदू असेल तर झोपेत अचानक झालेला स्पर्श त्याला हल्ल्यासारखा वाटतो. दुखण्यावर योग्य औषध सुरू झाल्यावर "आमच्या कुत्र्याचा स्वभाव बदलला" असे सांगणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. मात्र घरातील माणसांची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्यांच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही. जेवण निम्म्यावर आल्याचे तुम्ही लिहिले आहे, ते केवळ रुसवा समजून सोडून देऊ नका. खाण्यासाठी जीव टाकणारी ही जात आठवडाभर कमी खाते, तेव्हा रक्त तपासून गोचीड-ताप आणि मूत्रपिंडाचा आजार नाही ना, याची खात्री करावी.

पिल्लाच्या बाबतीत पहिली काळजी रोगांची. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांसाठीची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर ३ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. एकच डोस पुरत नाही, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लसीचा परिणाम दबलेला राहतो आणि ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. लोक ज्याला गॅस्ट्रो म्हणतात तो रक्ताचे जुलाब करणारा पार्व्हो मातीत आणि फरशीच्या सांध्यांत महिनोन्महिने टिकतो. नेहमीच्या फिनेलवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुऊन मग १ भाग घरगुती ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून १० मिनिटे ओली ठेवावी लागते, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत दोन्ही कुत्री लांब ठेवावी लागतात. राजाचे वार्षिक डोस चुकले असतील तर तेही आताच घ्या. पेठेतील जुन्या घरांत उंदीर असतात. पंचगंगेचे पाणी २०१९ आणि २०२१ साली शहरात शिरले होते, आणि पूर ओसरल्यानंतरच्या चिखलात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका वाढतो, म्हणून एकत्रित लसीत लेप्टोचा समावेश आहे का ते विचारून घ्या. जंताचे औषध आणि गोचिडांवरचे औषध दोघांनाही एकाच वेळी द्या, नाहीतर एकाचे गोचीड दुसऱ्यावर जात राहतील. गोचिडांचे औषध मात्र ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे. राजासाठी आणलेली मात्रा अर्धी करून पिल्लाला लावू नका. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. तोपर्यंत पिल्लाचा दात किंवा नख लागून कोणाला रक्त आले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लू लहान आहे म्हणून हे टाळू नका.

लसीकरणाचा हा मुद्दा ओळख करून देण्याच्या जागेशीही जोडलेला आहे. दोन कुत्र्यांची पहिली भेट कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी घडवावी, असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल आणि तत्त्व म्हणून तो बरोबर आहे. पण डोस पूर्ण न झालेले पिल्लू रंकाळ्याच्या काठावर किंवा पंचगंगा घाटावर खाली सोडणे मला धोक्याचे वाटते, कारण तिथे भटकी कुत्री फिरतात आणि त्यांच्या विष्ठेतून पार्व्हो पसरतो. आपल्याकडे यावर चांगला उपाय गच्चीचा आहे. राजा गच्चीवर क्वचितच जात असेल आणि त्याला जिना चढताना त्रास होत नसेल, तर ती जागा त्याच्या हक्काची नाही आणि बाहेरची कुत्रीही तिथे येत नाहीत. जिना झेपत नसेल तर ओळखीच्या कोणाचे बंदिस्त अंगण पाहा, जिथे वर्षभरात एखादे आजारी कुत्रे नव्हते. याचा अर्थ पिल्लू चार महिने घरात कोंडून ठेवा असा मुळीच नाही. ३ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू जे पाहते-ऐकते ते त्याला पुढे जन्मभर ओळखीचे वाटते, म्हणून तिला कडेवर घेऊन भाजी मंडई, रिक्षा, शाळेतून सुटणारी मुले हे सगळे जरूर दाखवा. फक्त जमिनीवर ठेवू नका.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. पहिले काही दिवस दोघांना समोरासमोर आणूच नका. झालेली गाठ सैल होण्यासाठी राजाला ही उसंत लागेल. सोपा राजाला परत द्या. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दारात गुडघ्याच्या वर येईल अशी लाकडी फळी किंवा जाळी आडवी लावा आणि पिल्लाचे जग माजघरापुरते ठेवा. पिल्लू ज्या पोत्यावर झोपते ते राजाच्या जागेपासून थोडे दूर टाका आणि राजाच्या अंगाखालची चादर पिल्लाकडे द्या. राजाला वास घ्यायचा असेल तर तो जाऊन घेईल; पोते त्याच्या नाकाशी नेऊ नका.

याच दिवसांत ती उलटी पडलेली गाठ सरळ करायची आहे. बहुतेक घरांत काय होते ते पाहा: पिल्लू झोपले की राजाजवळ बसून त्याचे लाड होतात, आणि पिल्लू उठले की "राजा, नको! राजा, बाजूला हो!" सुरू होते. राजाने यातून काय शिकावे? आपण नेमके याच्या उलट करायचे. फळीपलीकडे पिल्लू दिसले की राजाला उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे एकामागून एक मिळू लागतात. पिल्लू दिसेनासे झाले की तुकडे थांबतात आणि तुम्ही तुमच्या कामाला लागता. अंतर एवढे ठेवा की राजा तुकडा सैल तोंडाने, चावून खाईल. तुकडा हातातून हिसकावून घेऊ लागला, न चावता गिळू लागला किंवा तुकड्याकडे न बघता पिल्लाकडेच टक लावून राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात असे समजून दोन पावले मागे घ्या. काही दिवसांनी एक क्षण असा येतो की पिल्लाचा आवाज ऐकून राजा आधी तुमच्या हाताकडे पाहतो. समोरासमोर भेट घडवायला मी या खुणेची वाट पाहते, कॅलेंडरची नाही.

भेट संध्याकाळी ऊन उतरल्यावर, राजाचे फिरणे झाल्यानंतर आणि पिल्लू खाऊन थोडे सुस्तावलेले असताना ठेवा. दोन माणसे हवीत, मुले नकोत. राजाच्या गळपट्ट्याला दोरी असावी पण ती सैल असावी. दोरी ताणली की मान वर उचलली जाते, छाती पुढे येते आणि समोरच्या कुत्र्याला ती धमकी वाटते, शिवाय तुमच्या हातातील भीती दोरीतून त्याच्यापर्यंत पोहोचते. पिल्लाला हलकी दोरी लावून जमिनीवर सोडा. सुरुवातीला दोघांना मध्ये बरेच अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा, समोरासमोर चालत आणू नका. राजा वळण घेत तिच्या मागच्या बाजूला येईल आणि वास घेईल. मनात तीनपर्यंत मोजा आणि आनंदी आवाजात त्याला हाक मारून आपल्याकडे वळवा. पुन्हा जायची इच्छा असेल तर जाऊ द्या. त्याची शेपटी पाठीच्या रेषेत सैल हलत असेल, अंग लवचीक असेल, तो मध्येच जमीन हुंगायला लागला असेल तर सगळे ठीक आहे. शेपटी वर ताठ उभी, हालचाल गोठलेली, श्वास रोखलेला असे दिसले तर काही न बोलता चालत दूर निघा. पहिली भेट पाच मिनिटांत संपवा. छान चालले आहे म्हणून ती लांबवण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि बिघाड तिथेच होतो.

पुढच्या काही आठवड्यांत राजा तिला शिस्त लावील, आणि ती लावू द्यावी. पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळले आणि त्याने एकदा जोरात भुंकून किंवा तोंड मारून तिला झिडकारले, ती केकाटून मागे सरली आणि तो लगेच थांबला, तर मध्ये पडू नका. चावण्याचा जोर किती असावा, झोपलेल्याला का उठवू नये, हे पिल्लाला दुसऱ्या कुत्र्याइतके चांगले आपण शिकवू शकत नाही. मी पाहते ती एकच गोष्ट: पिल्लाने माघार घेतल्यावर मोठा थांबतो का? ती मागे सरल्यावरही तो पाठलाग करत असेल, तोंडात धरून झटकत असेल, किंवा न गुरगुरता, डोके खाली घालून, टक लावून तिच्या मागे दबकत जात असेल, तर ती शिस्त नव्हे. असे दिसले तर दोघांना त्याच क्षणी वेगळे करा आणि कुत्र्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेल्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा. भांडण लागलेच तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी, जाड चादर किंवा मध्ये सरकवलेला पाट हाताशी ठेवा.

आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधते, कारण माझ्याकडे भांडणांपेक्षा तोच जास्त येतो. काही वयस्क कुत्री गुरगुरतच नाहीत. पिल्लू शेपटी ओढते, तोंड चाटते, पाणी पिताना पायात येते, आणि मोठा कुत्रा उठून दुसरीकडे जातो. ते तिथेही येते, तो पुन्हा उठतो. घरचे म्हणतात, किती समजूतदार आहे. त्याची दिवसाची झोप निम्मी होते, वजन उतरते, तो पलंगाखाली बसू लागतो. लॅब्राडोर बऱ्याचदा या वळणावर जातात. राजा दिवसातून दुसऱ्यांदा जागा सोडून उठला की पिल्लाला माजघरात न्यायचे, असा साधा नियम घरात करा. या वयाचे पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपते. संध्याकाळी ते जे पिसाळल्यासारखे घरभर धावते ते बरेचदा झोप न मिळाल्यामुळे. तिला झोपवणे हे राजाला मदत करण्यासारखेच आहे.

खाण्याच्या वेळा पूर्णपणे वेगळ्या ठेवा. पिल्लाला दिवसातून चार वेळा लागते, राजाला दोन वेळा, म्हणजे तुम्ही काळजी घेतली नाही तर राजा रोज दोनदा नुसता बघत बसेल. तिचे खाणे बंद दाराआड द्या आणि भांडी लगेच उचला. पिल्लांचे खाद्य राजाला देऊ नका, त्यातील स्निग्धांश आणि खनिजे म्हाताऱ्या पोटाला आणि मूत्रपिंडांना जड जातात. पाण्याची भांडी दोन जागी असावीत. आणि रविवारच्या मटणाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण एरवी गुण्यागोविंदाने राहणाऱ्या कुत्र्यांची पहिली खरी मारामारी आपल्याकडे हाडकावरून होते. रस्सा उकळायला लागल्यापासून दोघेही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसतात, अंतर कमी होत जाते, आणि मग ताटातील नळी कोणीतरी प्रेमाने खाली टाकते. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे पडतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात, रश्श्यातील कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातील लाल पेशी फुटतात. तेव्हा हाडूक दोघांनाही द्यायचे नाही, आणि जेवणे होईपर्यंत दोघे दोन खोल्यांत. हा नियम पाहुण्यांनाही सांगा.

राजाचा दिवस शक्य तितका पूर्वीसारखा ठेवा. जो माणूस त्याला पहाटे फिरायला नेत होता त्यानेच न्यावे, आणि पिल्लू मोठे झाले तरी ती एक फेरी राजाची एकट्याची असावी. रात्री, आणि घरात कोणी नसताना, दोघांना काही महिने तरी वेगळे ठेवा. गणपतीत आणि दिवाळीत तर विशेष लक्ष द्या. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोड आणि मिरजकर तिकटीचा आवाज पेठांमधील घरांपर्यंत येतो, घाबरलेल्या वयस्क कुत्र्याची सहनशक्ती त्या रात्री संपलेली असते, आणि अंगावर येणाऱ्या पिल्लाला त्याची झळ बसते. त्या दिवसांत फळी पुन्हा लावा.

किती दिवस लागतील, हे तुम्ही विचारले नाही, पण ते मनात असेलच. एकमेकांना चालवून घेण्यास साधारण दोन ते चार आठवडे आणि खऱ्या अर्थाने एक घर होण्यास काही महिने, असा माझा अनुभव आहे. मध्ये एकदा सगळे मागे गेल्यासारखे वाटेल. पिल्लू चार-पाच महिन्यांचे झाले की मोठी कुत्री त्याला लहान म्हणून दिलेली सूट काढून घेतात आणि गुरगुर वाढते. तेव्हा घाबरू नका, फक्त देखरेख वाढवा. ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान ती पहिल्यांदा माजावर येईल. राजाची नसबंदी झालेली नसेल तर याचा विचार आतापासून तुमच्या डॉक्टरांशी बोलून करा, कारण १० वर्षांचा नरही पिल्ले देऊ शकतो.

राहिला परत देण्याचा प्रश्न. राजाचे दुखणे औषधाने आटोक्यात येत नसेल, त्याने पिल्लाला जखम केली असेल, वर लिहिलेली सर्व काळजी घेऊनही तीन-चार आठवड्यांनंतर तो नीट खात-झोपत नसेल, किंवा दिवसभर लक्ष ठेवायला घरात खरोखरच कोणी नसेल, तर पिल्लू चांगल्या घरी देणे हाच त्या दोघांच्या हिताचा निर्णय आहे आणि त्यात अपराध वाटून घेण्याचे कारण नाही. तो घ्यायचाच तर महिन्याभरात घ्या, पिल्लू लहान असताना नव्या घरात सहज रुळते. राजाच्या मागे घर सुने वाटू नये म्हणून पिल्लू आणल्याचे तुम्ही लिहिले आहे. ही भावना मी चांगली ओळखते, पण राजा आज आहे आणि त्याची उरलेली वर्षे त्याच्या हक्काची आहेत. दोघांपैकी कोणाची सोय आधी पाहायची असा पेच जेव्हा पडेल, तेव्हा राजाची पाहा. पिल्लाकडे अजून सगळे आयुष्य आहे.

तपासणीला जाताना मोबाइलवर दोन छोटी चित्रणे करून न्या: राजा सकाळी झोपेतून उठतानाचे एक, आणि फळीपलीकडे पिल्लू दिसल्यावर तो काय करतो त्याचे एक. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा भीतीने दुखणे लपवतो, घरच्या चित्रणात ते दिसते. रक्ततपासणीचा निष्कर्ष आणि राजाच्या जेवणाची आठवड्याची नोंद मला कळवा, म्हणजे फळी कधी काढायची ते नेमके सांगता येईल.